पाचवा वाटा

नेट कोण जास्त ओढतं यावरून रोजची कटकट. ती मिटावी म्हणून दगूबाईच्या ललितने घरातल्या चारही मोबाईलांना राउटरवरून सारखा स्पीड वाटून दिला.

"पाच वाटे कर," उखाआप्पा म्हणाले.

"आप्पा, घरमा मोबाईलच चार शेतस. पाच कऱ्यात ते सगळासनं नेट स्लो व्हई."

"व्हऊ दे. आखाजीले लेकी माहेरले येतस. दारमा पाय ठेवताच तिन्हा फोनले नेट भेटाले पाहिजे."

दगूबाईने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून लेक मोहिनीचं नाव घरात काढायला बंदी होती, आणि ती बंदी यांचीच होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तर गेल्याच आठवड्यात झाली. आता पुढची वर्षाने.

दगूबाई लेकाकडे वळली.

"ललित," ती म्हणाली, "तिले जरा जास्ती दे."