मऊभात आणि मुलाखत

"पोरीला भरवताना मुलाखतीची उत्तरं घोकू नकोस गं, सगळं टिपते ती," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. तीन वर्षांचं पोर काय टिपणार? मऊभाताच्या घासागणिक माझं एकेक उत्तर पाठ होत गेलं.

मुलाखत लॅपटॉपवर होती, बाळंतपणानंतरची पहिलीच. "तुमच्यातली उणीव सांगा," समोरच्या मॅडम म्हणाल्या आणि माझी पाटी कोरी. तेवढ्यात टेबलाखालून लेकीचा आवाज आला, "मी कामात एवधी लमते की जेवायचंच विसलते!"

मॅडमनी ओठ दाबले. "आणि आमच्याकडेच का यायचंय?"

हे उत्तरही मी घोकलं होतं. पण लेकीनं मी तिच्या बाबाला ऐकवलेलं वाक्य उचललं, "घलात बसून डोकं फिललंय!"

मॅडम पोट धरून हसल्या. "माझंही असंच झालं होतं. सोमवारपासून या."

आज सोमवार. मी ऑफिसात आहे, जीव घरी. मघाशी फोन केला तर पलीकडे लेक विचारत होती, "आजी, पाच वल्षांनी तू कुथे असशील?" आणि आजींनी फोनच ठेवून दिला.

आमच्या गल्लीत कुणी राहत असाल, तर सासूबाईंकडे जरा डोकावून याल का?