झालंच

मोठ्या साडूंनी विजेच्या रंध्याची पिन काढली, रंधा उलटा करून मांडीवर घेतला आणि धार लावलेली पाती ड्रममध्ये सरकवली. वयाने ते धाकट्या साडूंपेक्षा लहानच. पण बायको थोरली, म्हणून मोठे साडू. सुतारखान्यात शेवटचा शब्द त्यांचा.

मागच्या तळावर सरळ पट्टी धरून त्यांनी ड्रम हाताने हळूच फिरवला. पातं पट्टीला जेमतेम टेकलं. दुसरंही टेकलं. पाती धरून ठेवणारे बोल्ट त्यांनी बोटांनी फिरवून नुसते बसते केले. आता पान्याने एकेक आवळला, की संपलं.

तेवढ्यात फोन वाजला. घरून होता. मोठ्या साडूंनी रंधा बाकावर ठेवला, आवाज मऊ केला आणि ते अंगणात गेले.

"झालं का हो?" धाकट्या साडूंनी आतून हाक मारली. घासणारं दार त्यांनी लाकडी घोडीवर आडवं करून ठेवलं होतं. दाराचा मालक उघड्या घरात राखण करत बसला होता आणि सारखा विचारत होता.

"झालंच!" फोनवर हात ठेवून मोठे साडू म्हणाले.

"बोल्ट आवळलेत ना? पातं तोंडावर यायचं. तोंड काही देखणं नाही आमचं, पण घरच्यांना सवय झालीय."

"आवळलेच म्हणा! तुम्हाला काही झालं तर मेहुणी मला जिवंत सोडेल का?"

धाकटे साडू सरळ माणूस. 'म्हणा' म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात 'आवळले' असं म्हटलं, आणि पिन लावली.

अंगणात फोनवर बायको विचारत होती, "पानं घेऊ का?"

"आलोच."

"म्हणजे अजून तासभर."

"अगं, काम झालंच आहे."

"झालंच म्हणजे झालेलं नाही. इतकी वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी. काय राहिलंय, तेवढं सांगा."

"फक्त बोल्ट आवळायचे—" म्हणता म्हणता मोठे साडू गर्रकन सुतारखान्याकडे वळले.

आत रंधा गुरगुरला. मग त्याचा सूर चढू लागला.

"अहो," बायको म्हणाली, "हा आवाज कसला?"