उखळाचा आवाज

मोरेनिकेने मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात घातलं. धप्प. पुन्हा धप्प. उखळात याम कंदाचा एक तुकडाही नव्हता. उकडलेला याम केव्हाच फूड प्रोसेसरमध्ये फिरून लोण्यासारखा मऊ झाला होता आणि त्याचे गोळे ओट्यावर झाकून ठेवले होते. सासूबाई अंघोळीला गेल्या की यंत्र फिरवायचं, धुऊन पुसून पिठाच्या डब्यामागे लपवायचं, आणि त्या अंगणात येऊन बसल्या की हे नाटक सुरू करायचं.

सासूबाई एकिटी भागातल्या. तिकडे इयान, म्हणजे यामचा हा गोळा, मुसळानेच कुटलेला हवा. यंत्रातला गोळा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. हे उखळही त्यांनीच लग्नात सुनेला दिलेलं. पण इबादान शहरात दिवसभर नोकरी करून आल्यावर कुटायला दंडात बळ कुणाच्या उरतं? नवरा, कायोदे, म्हणाला होता की झाकली मूठ सव्वा लाखाची, आईला सांगायचंच कशाला.

त्याचं ठीक होतं. मोरेनिकेचं मन मात्र तिला खात होतं. सासूबाई जेवायला बसल्या की आधी सुनेच्या हातांना आशीर्वाद देत. मग निम्मा गोळा तोडून नातवाच्या ताटात टाकत आणि पोट भरलं म्हणत. एकिटीची बाई आणि इयान सोडते? त्यांना चव कळली असणार, असं मोरेनिकेला वाटे, आणि ती शरमून जाई.

आज ती ताट घेऊन अंगणात आली, तर सासूबाई गाठोडं बांधत होत्या. महिनाभर राहायला आलेली बाई आठवडाही न काढता निघाली होती. गावी कामं पडलीत, म्हणे. मोरेनिकेला आता राहवेना. ती आत गेली, डब्यामागचं यंत्र उचलून आणलं, सासूबाईंपुढे ठेवलं आणि गुडघे टेकले.

"आई, मी तुम्हाला फसवलं. इयान मी यात करते. उखळात काहीच नसतं."

"उखळात काही नसतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं," सासूबाई म्हणाल्या. "भरल्या उखळाचा आवाज दबका असतो, पोरी. कायोदे लहान होता तेव्हा मीही रिकामं उखळ कुटायचे. आज चूल पेटली नाही, हे शेजारणींना कळू नये म्हणून." मग त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं. "म्हणजे... तुमच्या घरात याम आहे?"

मोरेनिकेला आधी काही उमगेना. मग सगळं उमगलं. आपल्या ताटापुरता घास ही दोघं कुठून तरी उसना आणतात, असं समजून म्हातारी निम्मं पोट मारत होती. आणि आज खाणारं एक तोंड कमी करायला निघाली होती.

"कोठी भरलीये, आई," ती कशीबशी म्हणाली. तिला रडू आवरेना.

सासूबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली आणि ताट पुढे ओढलं.

"मग आणखी एक गोळा आण. इतके दिवस अर्धपोटी आहे मी."