भातातलं कुटुंब

गोष्टींतून इंग्रजी शिकवायचा उपक्रम बघायला शिक्षण खात्याचे साहेब सोलापूरहून दुधनीकडच्या शाळेत आले, तेव्हा सिद्धेश्वरीबाईंनी पाचवीतल्या चंद्रिकाला उभं केलं. पोरीनं स्वतः रचलेली गोष्ट इंग्रजीत घडाघडा सांगितली. शाळेच्या तांदळात किड्यांचं एक कुटुंब राहत होतं आणि रोज दुपारी मुलं खिचडीबरोबर त्यातल्या कुणाला तरी गिळून टाकत होती.

"व्वा! काय फर्डं इंग्रजी! आणि कल्पनाशक्ती तर बघा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"कल्पना न्हाय साहेब, खरं हाय की," चंद्रिका म्हणाली.

साहेब पोट धरून हसले. याच तांदळाबद्दल बाईंनी मराठीतून केलेले तीन अर्ज त्यांच्याच टेबलावर धूळ खात पडले होते. वाढण्याआधी चव घेऊन वहीत शेरा लिहायचा नियम, म्हणून बाईंनी खिचडीची ताटली साहेबांपुढे धरली.

"छे छे, आज उपास आहे माझा," साहेब दोन पावलं मागं सरकले. बुधवारी कसला मेला उपास, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं.

 

मग साहेबांनी वही मागवली, 'खिचडी रुचकर' असा शेरा मारला आणि खाली झोकात सही ठोकली.