तळची साखर

लिनार्डने खड्ड्यात उतरून बर्फाचा एक खांब करवतीने सुटा केला, त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारायला सुरुवात केली. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. गेले तेवीस दिवस खांब विसाच्या आतच तळाशी निसटायचा आणि गावात निरोप जायचा, आज नको.

बर्फाचं खरंखोटं गावात तोच सांगायचा. डिसेंबरात कोसळलेल्या बर्फाखाली त्याचाच मुलगा कुर्दिन होता, म्हणून काही बर्फाने नियम बदलले नव्हते. अर्धा उतार अजून वर लटकत होता. त्याखाली उकरायला जाणार होती ती दुसऱ्यांची पोरं, त्यातली दोन फ्लुरिनची.

फ्लुरिन शोधपथकाचा म्होरक्या. खड्ड्याच्या काठावर विझलेला पाइप चावत उभा होता.

"दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती दिवस फुंकशील, लिनार्ड? मेंजियावहिनी रोज दारात उभी असते."

"आज नव्हती."

लिनार्ड मोजत राहिला. पडला तेव्हा हा बर्फ नुसती पिसं होता, फुंकरीने उडणारी. आठवड्याभरात पिसांचे हातपाय झडून वरवर रवा झाला. तळाशी मात्र कोरड्या थंडीत जाड साखर झाली, दाणा दाण्याला धरेना. त्या साखरेवरूनच सगळं घसरलं होतं.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. खांब जागचा हलला नाही.

लिनार्डने तळचा चिमूटभर बर्फ खरवडून तळहातावर घेतला. परवापर्यंत तो बोटांतून सांडायचा. आज त्याचा खडा आला. त्याने चिरडून पाहिला, फुटला नाही. आता बरं वाटायला हवं होतं, निदान रडू यायला हवं होतं. काहीच झालं नाही. हात गार पडले होते, तेवढंच कळत होतं.

"घट्ट झालाय," तो म्हणाला. "बोलाव पोरांना."

फ्लुरिनने पाइप खिशात टाकला आणि वायरलेस तोंडाशी नेला. "निघा रे. फावडी घ्या सगळ्यांनी."

"फावडी नकोत." लिनार्ड हातमोजे शोधत होता. "कुर्दिनवरचाही घट्ट झाला असेल. करवती आणायला सांग."