केळीबागेतला हिरवा फोटो

शाळेच्या छायाचित्र स्पर्धेचा आजच शेवटचा दिवस होता. चोपड्याच्या केळीबागेत रत्नाने आजीचा फोटो काढला आणि चेहरा हिरवागार आला. “मना तोंडले काय व्हयनं?” आजी घाबरली. मोबाईलवर रंग बदलला, तर आजीची गुलाबी बाहुली झाली. “सर, काय करू?” बागेत सोबत आलेल्या मला विचारताना रत्ना रडकुंडीला आली. “हिरवा रंग आला कुठून?” मी विचारलं. तिने वर पाहिलं. “पानांतून! पांढऱ्या कापडाने ऊन आजीवर वळवलं तर?” आसपास पांढरं फक्त शेजारी उभ्या आजोबांचं धोतर! नातीपुढे त्यांचं काय चालणार! पट्ट्यांच्या चड्डीत ते बागेच्या कडेला उन्हात धोतर ताणून उभे राहिले. “लवकर काढ वं, कोनी ई जाई!” कोणी येईल या धास्तीने ते ओरडले. कॅमेऱ्यासमोर दगड होणारी आजी खळखळून हसली. बटण दाबून रत्ना नाचलीच. “खरा रंग आला!” “आखो एक काढ, त्यास्ले तठेच उभं राहू दे,” आजोबांकडे बघत आजी म्हणाली.