विकतची भाकरी

गव्हाणच्या शाळेत मतदान यंत्रं उतरवून झाली तेव्हा केंद्राध्यक्ष सबनीस सरांच्या आणि त्यांच्या पथकाच्या पोटात कावळे ओरडत होते. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या चंद्रावतीबाईंनी भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण आणलं. पण त्यांचा भाचाच उमेदवार होता आणि उमेदवाराकडचा पाहुणचार कर्मचाऱ्यांना वर्ज्य. सरांनी चाचरत जेवणभत्त्याचं पाकीट उघडलं. “पैसे घेतलेत तरच जेवू, मावशी.” “भाकरीचं पैसं? गावात तोंड कसं दाखवू?” “नाही घेतले तर, भाचा जिंकला तरी लोक म्हणतील, जेवण घालून जिंकला.” मग सरांनी दिलेली पाचशेची नोट पदरात बांधून बाईंनी वाढलं. “गिऱ्हाईक झालात ना? सांगा, मीठ जास्त हाय?” सर पुटपुटले, “थोडं.” सगळ्यांसोबत बाईही हसल्या. आणखी एक भाकरी पुढे केली. “ही इकत नाय.” सरांनी दहाची नोट ठेवली आणि भाकरी दोन्ही हातांनी घेतली.